नवोदित नृत्यरचनाकारांची समकालीन बॅले संध्या : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

एप्रिलअखेर होणाऱ्या नवोदित नृत्यरचनाकारांच्या संध्येचे संयोजन आज माझ्याकडे सोपवण्यात आले. स्वरूप असे ठरले की, कंपनीतील ज्या नर्तकांना स्वतः रचना करायची आहे अशा चौघांनी प्रत्येकी १२ मिनिटांपर्यंतची नवी रचना करावी आणि ती कंपनीतल्याच सहकाऱ्यांनी सादर करावी. पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठीचे कडक टोकाचे शूज) वापरायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र बॅलेच्या शिक्षणातून घडलेल्या शरीराचा उपयोग रचनेत दिसला पाहिजे, एवढी एक अट मी आग्रहाने घालून घेतली. समकालीन बॅले या नावाखाली बॅलेकडे पाठ फिरवणेच सोपे होऊन बसते, आणि मग हे नर्तक वर्षानुवर्षे रोज सकाळी बारला (सरावाच्या आडव्या दांडीला) धरून जे कमावतात त्याला रंगमंचावर जागाच उरत नाही.

खर्चाच्या प्रश्नावर बराच वेळ चर्चा झाली. नेपथ्य आणि नव्या वेशभूषेसाठी निम्म्याहून अधिक रक्कम राखावी असा एक विचार होता. माझे म्हणणे वेगळे होते आणि ते मी सविस्तर मांडले. नवख्या रचनाकाराला स्टुडिओ मिळतो, नर्तकही मिळतात. पण प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेत बसून, खऱ्या प्रकाशात, खऱ्या अंतरावरून आपली रचना पाहण्याची वेळ त्याच्यावर प्रयोगाच्या आदल्या दिवशी येते, आणि तेव्हा दिसलेले दोष दुरुस्त करायला हाती तास उरलेले नसतात. म्हणून नेपथ्य अजिबात करू नये, कपडे शक्यतो कोठीतून काढावेत आणि वाचलेल्या रकमेतून रंगमंचाचे जादा दिवस घ्यावेत, असा प्रस्ताव मी ठेवला.

दाखला म्हणून श्टुटगार्टचे उदाहरण दिले. तेथील नोव्हेर संस्था १९५८ साली स्थापन झाली आणि जॉन क्रँको १९६१ साली श्टुटगार्ट बॅलेचे प्रमुख झाल्यावर या संस्थेच्या तरुण रचनाकारांच्या प्रयोगांना कंपनीचे नर्तक आणि रंगमंच मिळू लागला. जॉन नॉयमायर, यिरी किलिआन आणि विल्यम फॉरसाइथ हे तिघेही वेगवेगळ्या वर्षांत त्याच कंपनीत नाचले आणि तिघांच्याही सुरुवातीच्या रचना याच प्रयोगांत झाल्या. फॉरसाइथ यांची पहिली रचना 'उरलिश्ट' ही १९७६ सालची. पुढे नॉयमायर हॅम्बुर्गला, किलिआन नेदरलँड्स डान्स थिएटरला आणि फॉरसाइथ फ्रँकफर्टला गेले आणि पुढच्या अनेक दशकांच्या बॅलेवर त्यांनी आपली छाप उमटवली. एका शहरात असे तिघे एकापाठोपाठ एक निपजले, याचे श्रेय मी योगायोगाला देत नाही. नर्तकाला रचना करावीशी वाटली तर ती लोकांसमोर उभी करण्याची ठरलेली सोय तिथे होती. प्रस्ताव मान्य झाला.

१९ जानेवारी

इच्छुकांकडून लेखी टिपणे मागवण्याऐवजी प्रत्येकाला दोन नर्तक आणि एक तास देऊन दोन मिनिटांचा तुकडा करून दाखवायला सांगितले होते. आशयाचे टिपण सुरेख लिहिणारा रचनाकार अवकाशात दोन माणसे कशी हलवतो हे टिपणावरून कळत नाही. तुकड्यावरून लगेच कळते. निवडलेल्या चार रचना अशा :

पहिली सहा स्त्री-नर्तकांची, पॉइंटवर, ग्यॉर्गी लिगेती यांच्या 'मुझिका रिचेरकाता' या पियानोवादनाच्या मालिकेतील निवडक तुकड्यांवर. दुसरी युगुलरचना, बाखच्या पाचव्या चेलो स्वीटमधल्या साराबांदवर (एका संथ नृत्यचालीवर). तिसरी तीन पुरुषांची, पायांत फक्त मोजे घालून, बहुतांश शांततेत आणि अखेरीस एका ध्वनिमुद्रित तुकड्यावर. चौथी चौदा जणांची, आमच्या ओळखीच्या एका तरुण संगीतकाराकडून करवून घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर.

युगुल आणि त्रयी या दोन्ही रचना स्त्रियांच्या आहेत आणि निवड करताना कोणाचेही नाव समोर नव्हते, याचे मला मनापासून समाधान आहे. बॅलेचा रंगमंच स्त्रियांनी गजबजलेला असतो, रचनाकारांच्या यादीत मात्र त्या विरळ असतात. ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांनी १९२३ साली स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर 'ले नोस' केली. त्या रचनेत पॉइंटचा उपयोग तरंगण्यासाठी नसून जमिनीवर घाव घातल्यासारखा आहे, आणि शंभर वर्षांनंतरही ती जुनी वाटत नाही. तरीही मोठ्या कंपन्यांनी स्त्रियांना रचनेची जबाबदारी सातत्याने द्यायला त्यानंतर फार काळ जाऊ दिला.

२७ जानेवारी

संगीताच्या परवानग्यांचे काम आजच सुरू केले, कारण याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. लिगेती २००६ साली निवर्तले. युरोपात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क टिकतात, त्यामुळे त्यांच्या संगीतावर नृत्य रचण्यासाठी प्रकाशकाची स्वतंत्र परवानगी लागते, आणि कोणते तुकडे, कोणत्या क्रमाने, किती प्रयोगांसाठी हे आधीच कळवावे लागते. निवडक तुकडे घेण्यास आणि त्यांचा क्रम बदलण्यास हक्कधारक नकार देऊ शकतात, हे रचनाकाराला समजावून सांगितले आणि मूळ क्रम न मोडता मधले काही तुकडे वगळावेत असे सुचवले. त्याने ते मान्य केले.

बाखच्या बाबतीत उलट अडचण आहे. स्वररचना कोणाच्याही मालकीची नाही, पण ध्वनिमुद्रण वाजवणाऱ्याचे आणि ते प्रसिद्ध करणाऱ्याचे असते. आवडते मुद्रण सापडले की पुन्हा पत्रव्यवहार आलाच. यावर उपाय म्हणून चेलो प्रत्यक्ष वाजवून घ्यावा असा विचार मांडला आहे. पियानोवादक येणारच आहे. शिवाय ज्या साराबांदमध्ये आरंभापासून शेवटपर्यंत एकही जोडस्वर नाही, एकच ओळ एकट्याने चालत राहते, ती नर्तकांच्या श्वासाबरोबर वाजली तर तिचा परिणाम निराळाच होईल.

४ फेब्रुवारी

तालमींचे वेळापत्रक लावले. रचनाकार आणि नर्तक सगळेच कंपनीच्या नेहमीच्या प्रयोगांत गुंतलेले असल्यामुळे दुपारनंतरचे तास तेवढे मोकळे आहेत, आणि त्या वेळी शरीर दमलेले असते. उड्या आणि उचलण्याचे काम तासाच्या पहिल्या अर्ध्यातच करावे, शेवटी फक्त जागा आणि मोजणी पक्की करावी, असा नियम चौघांनाही घातला आहे. चौदा जणांच्या रचनेला सर्व नर्तक एकत्र फार थोड्या वेळा मिळणार आहेत. त्या रचनाकाराने आधी चार-चारच्या गटांत काम करून ठेवावे.

१६ फेब्रुवारी

युगुलरचनेची तालीम आज पूर्ण वेळ पाहिली आणि एक महत्त्वाचा बदल केला.

रचनेच्या मध्यावर असा प्रसंग आहे की, स्त्री-नर्तक उजव्या पॉइंटवर, डावा पाय मागे आराबेस्कमध्ये लांबवलेला, आणि पुरुष-नर्तक मागून तिच्या कमरेला धरून तिला तिच्या तोलाबाहेर, पुढच्या दिशेने कलवतो. आरशात हा क्षण अतिशय देखणा दिसत होता. तरीही तो वारंवार निर्जीव वाटत होता, आणि काही वेळ बारकाईने पाहिल्यावर कारण लक्षात आले: कलताना ती आपला मागचा पाय किती वर आहे हे आरशात पाहत होती. त्या एका नजरेमुळे मान ताठ राहत होती, पाठीचा कणा वळायचा थांबत होता, आणि तिचे वजन प्रत्यक्षात तिच्याच बोटांवर राहून जोडीदाराच्या हातांत जेमतेम निम्मे येत होते. तोही आरशातच पाहून ती कुठवर आली हे ठरवत होता.

आरशांवर पडदे ओढून तोच तुकडा पुन्हा करायला लावला. पहिल्या काही वेळा दोघेही चाचपडले. नंतर तिने मान हाताच्या मागे खाली सोडली, आणि वजन खरोखरच पुढे गेल्याबरोबर त्याला अर्धे पाऊल जवळ यावे लागले, नाहीतर ती निसटली असती. त्या अर्ध्या पावलासाठी रचनाकाराने पुढची आठ मात्रांची हालचाल मोडून नव्याने बांधली, आणि तिच्या मते (माझ्याही मते) सगळ्या रचनेचा अर्थ आता तिथेच एकवटला आहे. आधार देणारा अचूक जागी उभा असणे आणि त्याला तिथे यावे लागणे यांतला फरक प्रेक्षकाला नाव देता येत नसला तरी जाणवतो.

यापुढे चारही रचनांच्या तालमींत ठराविक वेळ आरसे झाकलेले राहतील. रंगमंचावर आरसा नसतोच. शिवाय आरशासमोर बसून रचना करणारा नकळत सगळे काही एकाच सपाट चित्राकडे तोंड करून मांडतो, आणि बाजूच्या आसनांवरून तीच रचना फाटकी दिसते.

२ मार्च

पियानोवादक आज प्रथमच तालमीला आले. लिगेतींच्या या मालिकेत अकरा तुकडे आहेत आणि ती १९५१ ते १९५३ या काळात लिहिली गेली. पहिल्या तुकड्यात जवळजवळ अखेरपर्यंत 'ए' हा एकच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत आणि लयींत फिरतो आणि अगदी शेवटी 'डी' येतो. पुढच्या प्रत्येक तुकड्यात एकेक स्वर वाढत जातो. रचनाकाराने हीच शिस्त शरीराला लावली आहे. पहिल्या तुकड्यात सहाही जणी केवळ तांद्यू करतात, म्हणजे पाय जमिनीवरून सरकवून ताणणे आणि परत घेणे एवढेच. दिशा बदलते, वेग बदलतो, पण दुसरी क्रिया नाही. शेवटचा स्वर वाजतो तेव्हा पहिले प्लिए येते आणि गुडघे वाकतात. रोज सकाळी बारजवळ करायच्या व्यायामातले हे सर्वांत साधे दोन शब्द इतका वेळ ताणून धरण्याची हिंमत मला फार आवडली.

सातव्या तुकड्याने मात्र सगळा दिवस घेतला. त्यात डावा हात सात स्वरांची एक वेगवान आवृत्ती अखंड फिरवत राहतो आणि उजवा हात तिच्यावर संथ, गाण्यासारखी ओळ स्वतंत्रपणे चालवतो. नर्तकांना आठांत मोजायची सवय. वादक मात्रांच्या खंडांप्रमाणे बोलणारे. रचनाकाराने मुद्रण ऐकत स्वतःचीच तिसरी मोजणी बसवलेली. एकाच जागेला तीन वेगवेगळे आकडे पडत असल्याने 'पाचव्या मोजणीला वळा' या सूचनेला काही अर्थच राहिला नव्हता. शेवटी वादकांनीच तोड काढली: पाय डाव्या हाताला बांधावेत, हात आणि मान उजव्या हाताला, आणि एकत्र येण्याच्या जागा आकड्यांनी न सांगता ओळीच्या वळणाने सांगाव्यात. पाय धावताहेत आणि वरचे शरीर जणू त्यांच्याशी संबंध नसल्यासारखे सावकाश उमलते आहे, असे जे दृश्य त्यातून तयार झाले ते कोणाच्याही मूळ आराखड्यात नव्हते.

संगीताची लय नर्तकांच्या अंगात उतरवणे हे स्वतंत्र काम आहे, ते नृत्यरचनेच्या ओघात आपोआप होत नाही, याचा जुना दाखला आहे. १९१३ साली निजिन्स्कीने 'वसंतविधी' बसवली तेव्हा स्ट्राविन्स्कीच्या लयी नर्तकांकडून करवून घेण्यासाठी डालक्रोझ यांच्या, लय शरीराच्या हालचालींतून शिकवणाऱ्या पद्धतीत शिकलेल्या मारी रांबेर यांना खास नेमावे लागले होते. याच रांबेर यांनी पुढे लंडनमध्ये १९३१ साली बॅले क्लब सुरू केला. लहानशा मर्क्युरी थिएटरच्या चिमुकल्या रंगमंचावर फ्रेडरिक ॲश्टन आणि अँटनी ट्यूडर यांना त्यांनी घडवले. ट्यूडर यांची 'जार्दँ ओ लिला' १९३६ साली तिथेच झाली. तरुण रचनाकारांना हात देणाऱ्या व्यक्तीचे पूर्वायुष्य मोजण्या समजावून सांगण्यात गेले होते, हे मला अर्थपूर्ण वाटते. वादकांना उरलेल्या सर्व तालमींना बोलावण्याची तरतूद केली.

९ मार्च

वेशभूषा कोठीतून निवडली. पियानोच्या रचनेसाठी साधे राखाडी लिओटार्ड, युगुलासाठी सरावाचेच पण एका रंगाचे कपडे, त्रयीसाठी सैल विजारी. चौदा जणांच्या रचनेसाठी तेवढे नवे शर्ट शिवावे लागतील. सर्व नर्तकांनी पुढच्या आठवड्यापासून याच कपड्यांत सराव करावा. सैल विजारीचा काठ मोज्याखाली अडकतो की नाही हे आताच कळायला हवे.

१८ मार्च

पहिले अंतर्गत सादरीकरण. अभिप्रायासाठी लिझ लर्मन यांनी १९९० साली विकसित केलेली पद्धत वापरली. तिच्यात प्रथम पाहणारे आपल्याला काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात, नंतर कलावंत स्वतः प्रश्न विचारतो, मग पाहणारे, ज्यांत स्वतःचे मत दडलेले नाही असे तटस्थ प्रश्न विचारतात, आणि मत द्यायचे झाल्यास कलावंताची संमती घेऊनच देतात. हा क्रम कृत्रिम वाटू शकतो. पण जे नर्तक उद्या सकाळी त्याच रचनाकाराच्या शेजारी बारला उभे राहणार आहेत, त्यांना सत्य बोलता यावे यासाठी अशी चौकट लागते.

पद्धतीचा उपयोग चौदा जणांच्या रचनेच्या वेळी दिसला. ती रचना कल्पनांनी ओसंडून वाहत आहे: एक समूह दुसऱ्याच्या मागून तीच हालचाल उचलतो, त्यातून तिसरा फुटतो, मध्ये एक एकल, पुन्हा समूह. एका नर्तिकेने तटस्थ प्रश्न विचारला की, हे एकल चालू असताना उरलेल्या तेरा जणांनी कोणाकडे पाहावे असे रचनाकाराला वाटते? त्याच्याकडे उत्तर नव्हते. एकल नर्तक सुरेख नाचत होता, परंतु त्या वेळी समूह केवळ थांबलेला होता. त्याच्या थांबण्याला कारण नव्हते. संध्याकाळपर्यंत रचनाकाराने ते एकल संपूर्ण काढून टाकले आणि त्यातली एकच हालचाल समूहातल्या एका मुलीला दिली, जी ती बाकीच्यांच्या ओघात उलट्या दिशेने करते. रचना जवळजवळ तीन मिनिटांनी लहान झाली आणि प्रथमच तिला मध्य मिळाला. कापलेला भाग या रचनाकाराला सर्वांत प्रिय होता, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच या निर्णयाबद्दल त्याच्याविषयीचा आदर वाढला.

२६ मार्च

पियानोच्या रचनेतील एका नर्तिकेचा घोटा कंपनीच्या नेहमीच्या प्रयोगात मुरगळला. डॉक्टरांनी एप्रिलभर पॉइंट बंद सांगितले आहे. बदली नर्तिका शिकवायला वेळ आहे; परंतु सहावी जागा सर्वांत कठीण असल्याने रचनाकार पाच जणींवरच रचना नव्याने बसवू इच्छितो. मी पाठिंबा दिला. बालांशिन यांनी अमेरिकेतली आपली पहिली रचना 'सेरेनाड' १९३४ साली विद्यार्थिनींवर बसवली तेव्हा पहिल्या दिवशी सतरा जणी होत्या म्हणून सतरा जणींचीच मांडणी केली. एक मुलगी उशिरा आली, एक पडली, आणि दोन्ही गोष्टी रचनेत राहिल्या. त्यातली विषम, तिरपी मांडणी आजही डोळ्यांत भरते. पाचांच्या मांडणीत जोड्या जुळत नाहीत आणि एकजण नेहमी बाजूला उरते. एकेक स्वर वाढत जाणाऱ्या संगीताला हे शोभूनच दिसेल. जखमी नर्तिका तालमींना येत राहील आणि मोजण्यांची वही सांभाळील.

६ एप्रिल

कार्यक्रमाचा क्रम ठरवला. प्रेक्षकाला हा क्रम केवळ रुचीचा वाटतो. प्रत्यक्षात तो बराचसा पायांतल्या वस्तूंनी ठरतो. पॉइंटवर नाचणाऱ्या मुली घसरू नये म्हणून शूजच्या टोकाला राळ लावतात आणि ती जमिनीवर उतरते. त्याच जमिनीवर मोजे घालून सरकायला गेलेला नर्तक मध्येच अडकतो, आणि सरकताना पाऊल अडकले तर गुडघा पिळवटतो. त्रयीतले निम्मे काम सरकण्याचेच आहे. म्हणून पॉइंटच्या दोन्ही रचना मध्यंतरापूर्वी, मध्यंतरात संपूर्ण जमीन ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, मग त्रयी आणि शेवटी चौदा जणांची रचना, असा क्रम निश्चित झाला. पियानो आणि चेलो रंगमंचाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात राहतील आणि मध्यंतरात हलवले जातील.

पहिल्या अर्ध्यातल्या काही मुली शेवटच्या रचनेतही आहेत. रिबिनी सोडणे, बोटांवरच्या पट्ट्या काढणे, मऊ शूज घालणे आणि घोटे पुन्हा गरम करणे यासाठी मध्यंतर आणि त्रयी मिळून पुरेसा अवधी मिळतो. त्रयी मध्यंतरानंतर लगेच आल्याने तिच्या सुरुवातीच्या शांततेला आसनांवर परतणाऱ्या प्रेक्षकांचा उपद्रव होईल, ही तिच्या रचनाकाराची तक्रार रास्त आहे. दिवे पूर्ण मंदावल्यावर आणि दारे बंद झाल्यावरच सुरुवात करण्याची सूचना रंगमंच व्यवस्थापकांना दिली आहे.

१५ एप्रिल

प्रकाशयोजनाकारांबरोबर बैठक. चारही रचनांसाठी दिव्यांची एकच मांडणी राहील आणि प्रत्येकीला फक्त रंग आणि बदलांच्या जागा स्वतंत्र असतील. नृत्यात समोरून टाकलेला प्रकाश शरीराला सपाट करतो; बाजूच्या विंगांतून आडवा आलेला प्रकाश स्नायू, कण्याचे वळण आणि दोन शरीरांमधली फट उठावदार करतो. मार्था ग्रॅहम आणि न्यूयॉर्क सिटी बॅले यांच्यासाठी काम केलेल्या जीन रोझेंथल यांनी ही रीत रुजवली. प्रत्येक विंगेत नडगी, कंबर आणि डोके अशा तीन उंचींवर दिवे लागतील. सर्वांत खालच्या दिव्याचा गुण असा की तो जमिनीला जवळपास स्पर्श न करता शरीर उजळतो, त्यामुळे उडी प्रत्यक्षाहून जास्त वेळ हवेत राहिल्यासारखी दिसते. त्याचा धोका असा की विंगेतून धावत आत येणाऱ्या नर्तकाच्या नडगीला तोच लागतो. म्हणून खांबांच्या पायथ्याला चमकत्या पट्ट्या आणि प्रवेशाच्या वाटा आखून द्यायच्या आहेत.

चौघांपैकी तिघांनी अधिक अंधार मागितला. नव्या रचनाकाराला अंधार गंभीर वाटतो, हे मी समजू शकतो. तरी बॅलेत पाऊल हाच शब्दाचा उच्चार आहे, आणि पाऊल दिसेनासे झाले तर प्रेक्षकाला केवळ मनःस्थिती मिळते, वाक्य मिळत नाही. पियानोच्या रचनेतल्या तांद्यूंच्या वेळी पायांवर भरपूर प्रकाश राहील यावर मी ठाम राहिलो.

२३ एप्रिल

रंगमंचाचा पहिला जादा दिवस. काल संध्याकाळी विनाइलचे पट्टे अंथरून रात्रभर तसेच ठेवले होते, म्हणजे गुंडाळीचे ताण निघून जातात. सकाळी सांधे चिकटवले. पुढच्या कडेवर मध्याची आणि चतुर्थांशांची खूण केली.

आजच्या दिवसाने सर्वांत जास्त दिले ते त्रयीला. स्टुडिओत तिघे एकमेकांपासून जेमतेम हातभर अंतरावर सरकत असत आणि त्या जवळिकीत एक धोका होता. रंगमंचाची रुंदी मिळताच ते नकळत पसरले; कर्णरेषा लांबल्या आणि ताण संपला. रचनाकार अकराव्या रांगेत बसली होती. पूर्ण रचना पाहून ती काही वेळ बोलली नाही, मग तिने तिघांना रंगमंचाच्या उजव्या पुढच्या भागात, एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्श्यात कोंडले आणि उरलेला सगळा रंगमंच उजळलेला पण रिकामा ठेवला. तिघांपैकी एकजण अखेरीस त्या रिकाम्या जागेत पाऊल टाकतो, आणि संगीत तिथेच सुरू होते. ही मांडणी स्टुडिओत सुचणे शक्य नव्हते, कारण तिथे रिकामी जागाच नव्हती. हे प्रयोगाच्या आदल्या दिवशी दिसले असते तर तिला आहे तेच सादर करावे लागले असते. सहा दिवस आधी दिसल्यामुळे नवी रचना तालमीत पक्की करता येईल. जादा दिवसांचा खर्च माझ्या दृष्टीने आज वसूल झाला.

पिरुएट घेणाऱ्यांची एक अडचण सुटली. फिरताना नजर एका बिंदूवर रोवावी लागते. स्टुडिओत तो बिंदू आरशात मिळतो, इथे समोर काळोख आणि दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर दिवे. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर, बरोबर मध्यावर, एक लहान निळा दिवा लावून घेतला.

२७ एप्रिल

तांत्रिक तालीम. प्रकाशाचे बदल एकापाठोपाठ एक घेतले. नर्तकांनी पूर्ण ताकदीने न नाचता फक्त जागा घेतल्या. चौदा जणांच्या रचनेतला एक प्रवेश विंगेतल्या गर्दीमुळे दोनदा चुकला, म्हणून चार जणांचा प्रवेश पलीकडच्या विंगेतून ठरवला. मध्यंतरातली पुसणी आणि पियानो हलवणे प्रत्यक्ष करून पाहिले, वेळेत बसते.

२८ एप्रिल

रंगीत तालीम. चेलोवादकांनी साराबांद तालमीपेक्षा संथ घेतली आणि कलण्याच्या प्रसंगात स्त्री-नर्तकाला पॉइंटवर असह्य वेळ थांबावे लागले. रचनाकार, वादक आणि दोन्ही नर्तक एकत्र बसले. ठरले असे की लय वादकांचीच राहील, पण त्या जागेपूर्वी तिचा श्वास पाहून ते पुढे सरकतील; चेलोची खुर्ची त्यासाठी थोडी फिरवली.

२९ एप्रिल

प्रयोग झाला. आजची तारीख झाँ-जॉर्ज नोव्हेर यांच्या जन्माची, आणि म्हणूनच १९८२ सालापासून जागतिक नृत्य दिनाची. १७६० साली प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्यांनी मुखवटे आणि अवजड घेरदार पोशाख टाकून द्यावेत, नृत्याने स्वतःच्या बळावर भाव आणि कृती सांगावी, असा आग्रह धरला होता. नेपथ्याविना झालेला हा कार्यक्रम त्या दिवशी व्हावा हे मला उचित वाटले.

सातवा तुकडा पियानोवादकांनी तालमीपेक्षा किंचित जलद घेतला. पाचही जणींचे पाय त्यांच्या डाव्या हाताबरोबर राहिले. युगुलाचा मध्य जसा हवा होता तसा आला: तो अर्धे पाऊल पुढे आला, आधी नाही आणि नंतरही नाही. त्रयीच्या सुरुवातीची शांतता प्रेक्षकांनी राखली. चौदा जणांच्या रचनेत एक नर्तक प्रवेशाला उशिरा पोहोचला, परंतु त्याने समूहाची हालचाल मधूनच अचूक उचलली. कोणालाही दुखापत नाही.

४ मे

चौघांशी स्वतंत्रपणे बोललो. करारानुसार प्रत्येक रचनेचे हक्क तिच्या रचनाकाराकडेच राहतात आणि कंपनीला ठराविक मुदतीत पुन्हा सादर करण्याची संमती असते. हे कागद आज पूर्ण झाले. प्रत्येक रचनेच्या धारिकेत संगीताच्या परवानग्या, प्रकाशबदलांची यादी, नर्तकांच्या जागांचे आराखडे आणि मागच्या रांगेतून एकाच स्थिर कॅमेऱ्याने घेतलेले संपूर्ण चित्रीकरण ठेवले आहे. जवळून घेतलेली चित्रे प्रसिद्धीला उपयोगी पडतात. पुन्हा बसवताना त्यांतून कोण कुठे होते हे कळत नाही. पियानोच्या रचनेसाठी, तिची मोजणी चित्रीकरणावरून उलगडणे अशक्य असल्याने, बेनेश पद्धतीने (हालचाली चिन्हांत लिहून ठेवण्याच्या पद्धतीने) लेखन करून घेणार आहोत. घोटा दुखावलेल्या नर्तिकेने सांभाळलेली वही त्या कामाचा पाया ठरेल, आणि लेखनाच्या वेळी ती स्वतः उपस्थित राहील.

युगुलरचना पुढील हंगामात कंपनीच्या नियमित कार्यक्रमात घेण्याची शिफारस केली आहे. चौदा जणांच्या रचनेचा शेवट अजून घाईचा आहे, असे रचनाकार स्वतःच म्हणतो आणि मी सहमत आहे. त्याला स्टुडिओचे तास लगेच न देता काही महिन्यांनी द्यावेत. त्रयीच्या रचनाकाराने एकच मागणी केली: पुढच्या वेळी रंगमंचाचा पहिला दिवस तालमींच्या अखेरीस न येता मध्यावर यावा, म्हणजे रिकामी जागा पाहूनच रचना सुरू ठेवता येईल. मार्चमधले दोन दिवस त्यासाठी राखून ठेवण्याचे पत्र आज रंगमंच व्यवस्थापकांकडे पाठवले.